आबांच्या काठीचं शून्य

"शून्य कुठून धरलंत, ते आधी सांगा."

आबांचं हे वाक्य धक्क्यावरच्या कावळ्यांनाही पाठ झालं होतं. कुणी म्हणालं, आज फार लांबून चालत आलो, तर आबा विचारायचे, शून्य कुठून धरलंत? दूधवाला माप भरायला लागला की आबा आधी ते माप उलटं करून त्याचं बूड बघायचे. बूड आतून चेपलेलं असलं, तर शून्यच वर सरकलं की! मग माप काठोकाठ भरलेलं दिसूनही दूध कमीच. डॉक्टरांनी एकदा त्यांना ताप नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ताप मोजायची काचेची नळी त्यांनी मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात तिची पहिली रेघ कुठे आहे ते निरखलं. डॉक्टर हसले. आबांना ते हसणंही जरा संशयास्पद वाटलं.

पाठीमागे लोक त्यांना संशयराव म्हणत. आबांना हे ठाऊक होतं. कोण म्हणतं आणि कोण नुसतं म्हणत नाही असं दाखवतं, याबद्दलही त्यांचे स्वतःचे अंदाज होते.

काम मोठं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला जमण्यासारखंही नव्हतं. बंदराच्या धक्क्याला, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या शेजारी, भिंतीला एक उंच काठी पक्की बसवलेली होती. पांढऱ्या रंगावर काळ्या रेघा, दर मीटरला लाल आकडा आणि तळाशी, शेवाळात बुडालेलं, शून्य. समुद्र त्या काठीवरून वर चढायचा, खाली उतरायचा, आणि तो कुठे आहे हे आबा वाचून कळवायचे. पाणी कधी कुत्र्यासारखं पायरी चाटत यायचं, कधी रुसलेल्या बाईसारखं पाठ फिरवून लांब जायचं. लाट उचलली की आकडा जास्त, बसली की कमी. दोन्हींच्या मधला नेमका आकडा डोळ्यांनी पकडायचा. आबा तो पकडायचे. हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून, एखाद्या सराईत चोराकडे पोलिसाने बघावं तसे ते समुद्राकडे बघायचे.

राहायची खोली धक्क्यावरच होती. खाट खिडकीशी, खिडकीतून काठी दिसायची. खोलीत एक स्टूल होतं, ते डुगडुगायचं. त्याच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता. स्टुलाचा पाय आखूड की तिथली फरशी खोल, याचा निकाल आबांनी अजून दिलेला नव्हता.

माणूस जन्मतःच असा नसतो. आबाही नव्हते. पूर्वी ते, त्यांची बायको आणि लहानगी मुलगी खाडीच्या कडेला एका बैठ्या घरात राहत होते. वादळाच्या साली भोंगा लावलेली गाडी गल्लीतून फिरली. पाणी इथवर येणार नाही, घाबरू नका, असं सांगून गेली. आबांनी विश्वास ठेवला आणि ते आपल्या काठीपाशी गेले. भर दुपारी अंधारून आलं. काठीवर पाणी चढत चढत चार मीटर साठपर्यंत गेलं, आणि आबा तो आकडा वाचत असताना तिकडे त्यांच्या घरात पाणी शिरलं. मुलगी कपाटावर बसून वाचली. बायकोचं शिलाई मशीन खाऱ्या पाण्यात बुडालं. नंतर ते पुसलं, तेल घातलं, पण चालताना ते घोगऱ्या गळ्याने बोलायला लागलं ते लागलंच. बायको पुढे साध्या आजाराने गेली. मशीन मात्र राहिलं. मुलगी त्याच्यावर आता होड्यांची जाड ताडपत्री शिवायची.

त्या दुपारपासून आबांनी माणसांवर विश्वास ठेवणं सोडून दिलं. विश्वास उरला तो फक्त काठीवर. चार साठच्या रेघेशी त्यांनी खिळ्याने एक आडवी खूण ओरखडून ठेवली होती, आणि रंगारी काठी रंगवायला आला की ते त्याच्या डोक्याशी उभे राहायचे, खूण बुजते की काय म्हणून.

अशा माणसाला जावई मिळाला तो मनोऱ्यावर चढणारा. मोबाइलचे उंच लोखंडी मनोरे असतात ना, त्यांच्या टोकाला जाऊन नटबोल्ट आवळायचे, तारा जोडायच्या, हे त्याचं काम. स्वभावाने मोकळा, हसरा, आणि आबांच्या मते तेच वाईट. "इतका हसतो, म्हणजे काहीतरी झाकतोय," असं ते मुलीला म्हणाले होते.

"आबा, दात झाकतोय का मग तो?" मुलगी म्हणाली होती. "सगळे तर दिसतात."

लग्नाला काही वर्षं झाली. भाड्याच्या खोलीत मशीन मावेना, ताडपत्री पसरायला गल्लीत बसावं लागे. शिवाय आबांच्या काठीजागी आता आपोआप पाणी वाचणारी पेटी बसणार, असं वरून कळलं होतं. पेटी आली की आबांचं काम सुटणार आणि धक्क्यावरची खोलीही. तेव्हा जावयाने एक जागा पाहिली. तिथे घर बांधायचं आणि आबांना तिथेच आणायचं, असं नवरा-बायकोंनी ठरवलं.

जागा खाडीकडची निघाली.

सुटीच्या दिवशी तिघे तिथे गेले. मागे पडक्या वीटभट्टीची भिंत, पुढे एक वाकडं झाड, आणि झाडापलीकडे खाडीचं संथ, राखी पाणी. गवंडी आधीच येऊन बसला होता. त्याच्याजवळ जागेचा नकाशा होता. आबांनी फक्त खाडीकडे बघितलं, मग मुलीकडे, मग परत खाडीकडे.

जावई म्हणाला, "आबा, तुमच्या मनात काय चाललंय ते कळतंय मला. पाण्याचंच ना? मी उंची मोजून दाखवतो की." त्याने खिशातून मुठीत मावेल एवढं यंत्र काढलं. जीपीएसचं. मनोऱ्यांच्या जागा नोंदवायला कंपनीने दिलेलं. "हे आकाशातल्या उपग्रहांशी बोलतं. रानात टाकलेला खांबसुद्धा शोधून देतं मला, चार पावलांची चूक नाही."

"उंची किती सांगतं?" आबा म्हणाले.

जावयाने यंत्र पुढे केलं. पडद्यावर आकडा होता, वजा त्रेपन्न.

"वजा?" आबांनी चष्मा वर केला. "म्हणजे आपण आत्ता पाण्याखाली उभे आहोत?"

"नाही हो, थांबा! ते कंपनीचं सेटिंग आहे, त्यांना तसं लागतं." जावयाने दोन-तीन बटणं दाबली. आकडा पुसला गेला आणि तिथे नऊ आलं. "हे बघा. समुद्रापासून नऊ मीटर उंच! तीन मजली घर बुडेल तेव्हा कुठे पाणी इथे येईल." मग त्याने परत बटणं दाबली. आकडा पुन्हा वजात गेला. "तसंच ठेवायला लागतं, नाहीतर कामावर बोलणी बसतात."

गवंड्याने नकाशा उलगडला. "इथे तर उंची तीन लिहिलीय," तो म्हणाला.

"नकाशा जुना असेल," जावई म्हणाला.

आबा हसले. ते क्वचित हसत, आणि ते हसू कुणालाच आवडत नसे. "वाहवा. वजा त्रेपन्न, नऊ आणि तीन. जमीन एक आणि उंच्या तीन. जावईबापू, ही जागा विकणारा कोण तुमचा?"

"मित्र आहे. का?"

"काही नाही. विचारून ठेवलं."

परत येताना आबा मुद्दाम मागे राहिले. पुढे जावई मुलीला हाताने दाखवत होता, इथे मशीन, इथे खिडकी, इथे आबांची खाट. मुलगी मान डोलावत होती. आबांना वाटलं, इतकं गोड बोलायची गरज खऱ्या माणसाला पडत नाही. बटण दाबलं की जमीन बासष्ट मीटर वर येते, असं यंत्र ज्याच्या खिशात आहे, त्याच्या पोटात काय काय असेल?

दुपारी जेवणं होऊन मुलीच्या खोलीत जावई चटईवर लवंडला. यंत्र खिडकीत ठेवलेलं होतं. मुलगी मशीनवर होती. मशीन घोगऱ्या गळ्याने बोलत होतं. आबांनी यंत्र उचललं, सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि काही न बोलता धक्क्याकडे चालू लागले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली होती. पण ज्याच्यावर संशय आहे त्याची परवानगी मागून तपास होत नसतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पायऱ्या उतरून ते अगदी शेवटच्या ओल्या पायरीवर गेले. पाणी घोट्याला लागलं. समुद्राच्या इतकं जवळ, की आणखी जवळ म्हणजे आतच. त्यांनी यंत्र समोर धरलं.

वजा बासष्ट.

बघता बघता आकडा हलला. वजा साठ. वजा पासष्ट. वजा एकोणसाठ. आबा खांबासारखे उभे होते, श्वाससुद्धा जपून घेत होते, आणि यंत्राच्या मते ते पाण्याखाली दोन-चार माड खोल वरखाली करत होते. पलीकडे होडी धुणाऱ्या खलाशाने हाक मारली, "काय आबा, कुणाचा फोन?"

"समुद्राचा," आबा म्हणाले. "म्हणतोय, मी तुझ्या डोक्यावरून साठ मीटर वाहतोय."

खलाशी हसला. आबांना हसू आलं नाही. त्यांच्या मनात पुरावा पूर्ण झाला होता. समुद्राच्या काठाला जे यंत्र समुद्राचा तळ म्हणतं, त्याचा नऊ आकडा म्हणजे शुद्ध बनाव. उरला नकाशा. नकाशा म्हणतो तीन. आणि काठीवर वादळाचं पाणी चार साठला. ते खुणेकडे बघत राहिले. दीड मीटरहून जास्त फरक. मुलीच्या नाकातोंडात जाईल इतकं पाणी.

संध्याकाळी ते यंत्र परत घेऊन गेले, तेव्हा जावई सगळी खोली उलथीपालथी करून ते शोधत होता. आबांनी ते ताटाशेजारी ठेवलं.

"तुम्ही नेलं होतं?" जावई थक्क झाला. "मागितलं असतं तर दिलं नसतं का?"

"दिलं असतं. बटणं दाबून दिलं असतं."

मुलीच्या हातातला डाव तसाच राहिला. "आबा, काय बोलताय?"

मग आबा बोलले. हळू, सावकाश, काठी वाचावी तसे. वजा बासष्ट सांगितलं, उभ्या जागी हलणारा आकडा सांगितला, नकाशातले तीन सांगितले, खूण सांगितली. "चार साठातून तीन काढ, पोरी. काय उरतं? तुझं डोकं तेवढं वर उरेल, तेही तू टाचा उंचावल्यास तर. आणि जागा कुणाची, तर यांच्या मित्राची. कुणालाच नको असलेली जागा मित्राच्या गळ्यातून काढून तुझ्या गळ्यात घालायची, आणि आकडा बटणाने बनवायचा."

जावयाचं हसू पहिल्यांदा गेलं. तेवढा एक चेहरा आबांनी आजवर पाहिला नव्हता. "आबा," तो म्हणाला, "मी तुमच्या मुलीला बुडवायला घर बांधतोय, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

आबांनी यंत्र ताटापासून जरा लांब सरकवलं.

"आबा, नाही म्हणा," मुलगी म्हणाली.

आबांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. नाही म्हणाले नाहीत. जावई भरल्या ताटावरून उठला, हात धुतले आणि बाहेर निघून गेला. मुलगी त्या ताटाकडे बघत बसली. मग ती म्हणाली, "त्या घरात तुम्ही राहायला येणार नसलात, तर मीही पाया खणू देणार नाही. पण तुम्हाला इकडेही आता यावंसं वाटेल असं मला वाटत नाही." तिचा आवाज मशीनसारखा घोगरा झाला होता.

पाया खणायचं काम थांबलं. गवंडी दुसऱ्या कामावर गेला. मुलगी धक्क्यावर यायची बंद झाली. आबा काठी वाचत राहिले, पण मनातल्या मनात ते रोज तोच प्रश्न उलटून पालटून बघत. आपण बरोबर असू, तर पोरगी वाचली पण संसार मोडला. आपण चुकलो असू, तर नुसताच संसार मोडला. आणि आपण चुकलोय हे कळायचं कसं? ज्याला विचारावं तोच संशयित.

दरवर्षी काठी तपासायला सरकारी मोजणीच्या एक बाई यायच्या. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. भिंतीत एक पितळी खिळा बसवलेला होता. तिपाईवरच्या दुर्बिणीतून तो खिळा आणि काठी ताडून बघायची, काठी खचली का, वर उचलली गेली का, ते ठरवायचं. काठी कधी खचलेली निघायची नाही. पण बाई आल्या की आबा छाती फुगवून उभे राहायचे, परीक्षेत पोर पास झाल्यासारखे.

त्या वर्षी बाईंची तिपाई उघडतेय तोच धक्क्यावर मुलगी आली. गळ्यात शिवणाची टेप तशीच लोंबत होती. कामावरून उठून आली होती. तिच्यामागे, दहा हात अंतर ठेवून, जावई. त्याच्या हातात यंत्र.

"बाई, तुम्ही जाणत्या आहात," मुलगी म्हणाली. "माझ्या घराचा प्रश्न आहे. हे यंत्र खोटं बोलतं की हे दोघे?" आणि तिने सगळं सांगितलं, कुणाचीही बाजू न घेता.

बाईंनी यंत्र हातात घेतलं. "खोटं नाही बोलत," त्या म्हणाल्या. "वेगळ्या जागेपासून बोलतं. आबा, पृथ्वी कशी आहे?"

"गोल."

"आणि जराशी चपटी. पण खरी पृथ्वी ओबडधोबड आहे. तिचा हिशोब करता येत नाही. म्हणून शहाण्या लोकांनी कागदावर एक गुळगुळीत चपटा गोळा कल्पिला, चाकावर फिरवून काढल्यासारखा. यंत्राला समुद्र दिसतच नाही. ते त्या गोळ्यापासून उंची मोजतं."

"तो गोळा बघितला कुणी?"

"कुणी नाही. तो नाहीच."

"म्हणजे नसलेल्या गोळ्यावरून असलेलं घर मोजायचं!" आबांनी मुलीकडे बघितलं. ऐकलंस ना, अशा अर्थाने.

"ऐका तर. पृथ्वीचं पोट सगळीकडे सारखं जड नाही. जिथे जड तिथे ती पाण्याला जास्त ओढते, तिथे समुद्र फुगून राहतो. जिथे हलकं तिथे समुद्र खाली बसतो. आपल्या किनाऱ्याला तो बसलेला आहे. त्या कल्पनेतल्या गोळ्याच्या बासष्ट मीटर खाली."

"आम्ही जन्मभर खड्ड्यात राहतोय आणि आम्हालाच दिसला नाही?"

"कसा दिसणार? तुमचा ओळंबा, तुमच्या होड्या, तुमचं पाणी, सगळं त्याच ओढीने उभं राहतं. पाण्याला तो उतार वाटतच नाही, म्हणून ते वाहत नाही. तुम्ही शेवटच्या पायरीवर उभे होतात तेव्हा यंत्राने बरोबरच सांगितलं. आणि यांनी बटण दाबलं म्हणजे बनाव नाही केला. यंत्राच्या आत एक तक्ता असतो, कुठल्या किनाऱ्याला समुद्र किती खाली ते सांगणारा. बटण दाबलं की यंत्र ते बासष्ट मिळवून घेतं. वजा त्रेपन्नचं नऊ होतं."

जावई पहिल्यांदा पुढे आला. "म्हणजे नऊ खरं?"

"ते नाही सांगता येत," बाई म्हणाल्या, आणि त्याचा चेहरा पडला. "होडी चारी बाजूंनी दोर बांधून ठेवली तर हलत नाही. आडव्या जागेसाठी उपग्रहांचे दोर चारी बाजूंनी असतात. म्हणून खांब तुम्हाला नेमका सापडतो. पण उंचीसाठी? सगळे उपग्रह वरच. खालून एकही दोर नाही, पृथ्वी आड येते. त्यामुळे उंची डुलते. पाच-सात मीटर सहज. घराचं जोतं हातातल्या यंत्रावर ठरवायचं नसतं."

"उभ्या जागी हलत होतं," आबा समाधानाने म्हणाले. "मी म्हणालोच होतो. मग उरला नकाशा, आणि नकाशाचे तीन. तीन आणि वादळ चार साठ. मी तेच तर सांगतोय."

लाट आली, काठीवर चढली, उतरली. मुलगी टेपेचं टोक बोटाला गुंडाळत काठीकडे बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "आबा, मी गिऱ्हाइकाची उंची घेते तेव्हा खांद्यापासून घेतली की मानेपासून, ते आधी बघते. नाहीतर कापड फुकट जातं." ती थांबली. "तुमच्या काठीचं शून्य कुठून धरलंय?"

आबांनी तोंड उघडलं. जन्मभर जो प्रश्न त्यांनी दूधवाल्याला, डॉक्टरला, गवंड्याला, आल्यागेल्याला विचारला, तो त्यांना आजवर कुणी विचारलेला नव्हता. "समुद्राचं शून्य आहे ते," ते म्हणाले.

"कुठल्या समुद्राचं?" बाई म्हणाल्या, पण मऊ आवाजात. "भरतीच्या की ओहोटीच्या?"

आबांनी काठीच्या तळाकडे बघितलं. शेवाळातलं ते शून्य. कितीही खोल ओहोटी लागली, तरी पाणी त्याच्याखाली गेलेलं त्यांनी बघितलं नव्हतं.

"हे शून्य खलाशांचं आहे, आबा. सगळ्यात खोल ओहोटीच्याही जरा खालचं. पाणी किती कमी होऊ शकतं आणि होडी तळाला लागेल का, हे त्यांना कळावं म्हणून. नकाशाचं शून्य वेगळं. वर्षानुवर्षांच्या भरती-ओहोटीची सरासरी काढून जो मधला समुद्र ठरतो, तो. तुमच्या काठीवर तो दोन मीटर दहाला येतो."

जावयाला पटकन कळलं, आणि तो काही बोलला नाही, हे आबांच्या लक्षात आलं. हिशोब आबांनी स्वतःच केला, ओठ हलवत. नकाशाचे तीन, त्यात दोन दहा. पाच दहा. खूण चार साठ. पाणी जागेच्या खाली राहत होतं. हातभर खाली.

दूधवाल्याचं माप त्यांनी उलटं करून बघितलं होतं. काठी त्यांनी कधी उलटी करून बघितली नव्हती.

मग त्यांनी मान वर केली. "नकाशातले तीन तरी खरे कशावरून?"

मुलीने कपाळावर हात मारला. बाई मात्र हसल्या. "बरोबर आहे. चला, मोजू."

मोजायला दोन उंच पट्ट्या होत्या. एक आबांनी घेतली, कारण ती ते दुसऱ्या कुणाला देणार नव्हते. दुसरी जावयाने घेतली. पितळी खिळ्याची नकाशाच्या शून्यापासूनची उंची बाईंच्या वहीत होती, म्हणून तिथून सुरुवात झाली. मध्ये बाई आणि दुर्बीण, मागे सासरा, पुढे जावई. बाईंनी दोघांच्या पट्ट्या वाचल्या की मागचा पुढे यायचा, पुढचा मागे राहायचा. बर्फाच्या कारखान्यावरून, वजनकाट्याच्या शेडवरून, वीटभट्टीच्या भिंतीला वळसा घालून ते तिघे असे सरकत गेले. पट्टी सरळ धरायची तर तोंड समोर ठेवावं लागतं. त्यामुळे इतक्या दिवसांनी आबांना आणि जावयाला एकमेकांकडे बघावं लागलं. जावयाची पट्टी केसभरही हलत नव्हती. मनोऱ्याच्या टोकाला वाऱ्यात उभं राहणारा माणूस कसा उभा राहतो, ते आबांनी त्या दिवशी पाहिलं.

वाकड्या झाडापाशी आकडा निघाला. तीन मीटरला जेमतेम दोन बोटं कमी.

"आता परत," आबा म्हणाले. "उलटं मोजत खिळ्यापर्यंत."

"ते तर करायचंच असतं," बाई म्हणाल्या. "आमचाही स्वतःवर विश्वास नसतो, आबा. परत येऊन तोच आकडा मिळाला, तरच लिहायचा."

आबांना ही बाई फार आवडली. सगळे परत खिळ्यापर्यंत आले. फरक नखाएवढा निघाला.

बाई तिपाई मिटवत असताना आबा जावयाजवळ गेले. ते माफी मागणार नाहीत, हे जावयालाही माहीत होतं. ते म्हणाले, "त्या दिवशी ताटावर तुम्ही एक विचारलं होतंत. उत्तर राहिलं होतं."

जावई थांबला.

"नाही," आबा म्हणाले. "असं मला म्हणायचं नव्हतं. भीती होती. ती तशी बोलली."

जावयाने नुसती मान हलवली. मुलगी पाठ फिरवून समुद्राकडे बघायला लागली, तिला तिथे काहीतरी फार महत्त्वाचं दिसल्यासारखी.

"पण हातभर म्हणजे काही नव्हे," आबा लगेच पूर्वपदावर आले. "पुढचं वादळ मागच्याएवढंच येईल असं त्याने मला लिहून दिलेलं नाही. जोतं कंबरेइतकं उचला."

"उचलू," जावई म्हणाला. आणि मग, सगळे दात दाखवत, "कंबर कुणाची, आबा? शून्य कुठून धरलंत?"

आबांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. "तुमची धरा, जावईबापू. तुम्ही उंच आहात."

पाया खणला गेला, जोतं चढलं. पुढे पेटीही आली. एक लहानशी राखाडी पेटी, वरून पाण्याकडे बघणारी. बसवणाऱ्यांना आबांनी शून्य कुठून धरलंत ते विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत पायरीवरून हलले नाहीत. जुनी काठी उपटून भिंतीशी टाकली होती. ती त्यांनी मागून घेतली.

खोली सोडायच्या सकाळी ते धक्क्यावरून निघाले, तेव्हा काठी त्यांच्या खांद्यावर होती आणि दुसऱ्या हातात स्टूल. नव्या घराच्या कोपऱ्याला ती काठी उभी करायची होती. या वेळी तिचं शून्य कुठे ठेवायचं, ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. वजनकाट्याच्या शेडपाशी ते थांबले, स्टूल टेकवलं. ते डुगडुगलं नाही. आबांनी वाकून त्याचे चारही पाय बघितले, मग खालची जमीन बघितली, आणि काही न ठरवताच ते पुढे चालू लागले.

जावई तेव्हा बंदरामागच्या मनोऱ्याच्या टोकाला होता. हातातला पाना तसाच धरून तो खाली बघत राहिला. भिंतीच्या वळणावर काठीचं पांढरं टोक आबांच्या डोक्यापेक्षा वर डुलत होतं. आधी आबा दिसेनासे झाले, मग लाल आकडे एकेक करून, आणि सगळ्यात शेवटी ते टोक.